पॉझिटिव्ह माणसालाही संसार असतो

एचआयव्हीवरचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळू लागले त्याला वीस वर्षे उलटून गेली. १ एप्रिल २००४ रोजी देशात मोफत एआरटी सुरू झाली. त्याआधी ही लागण म्हणजे काही वर्षांत मरण, असेच समीकरण होते. आज वेळेवर गोळ्या सुरू केलेला तिशीतला माणूस साठी-सत्तरी गाठू शकतो. तो नोकरी करतो, कर्ज काढून घर बांधतो, मुलांच्या शाळेतल्या पालकसभेला जातो. मग त्याच्या आयुष्यात जोडीदार, जवळीक आणि मूल यांना जागा आहे की नाही? या प्रश्नाच्या बाबतीत मात्र आपण अजून २००४ च्या आधीच्या काळातच अडकून पडलो आहोत.

समाजाकडे याची दोन ठरलेली उत्तरे आहेत. पहिले, ‘आता हे सगळे बंद करा, देवाचे नाव घ्या.’ दुसरे, ‘असा माणूस दुसऱ्यांना रोग देत फिरणार, त्याच्यावर नजर ठेवा.’ पहिल्या उत्तरात पॉझिटिव्ह माणसाला शरीरच उरत नाही आणि दुसऱ्यात त्याला शरीराखेरीज काही उरत नाही. दोन्ही उत्तरांचा परिणाम एकच होतो, तो बोलायचे सोडून देतो. आणि जो बोलत नाही त्याला कंडोम कसा मागायचा, बायकोला कसे सांगायचे, मूल हवे असेल तर काय करायचे, हे कुणी शिकवू शकत नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या लैंगिक जीवनातली जोखीम कमी व्हावी असे खरोखर वाटत असेल, तर आधी त्यांना लैंगिक जीवन असणार हे मोकळेपणाने मान्य करावे लागेल.

प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. भारतात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. राज्यांत सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा आहे, साडेतीन लाखांहून अधिक. देशातल्या एकूण संख्येत स्त्रियांचे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास आहे. ही माणसे आपल्या मोहल्ल्यात, चाळीत, गावात राहतात. त्यांपैकी बहुतेकांची ओळख आपल्याला कधीच पटत नाही, कारण ओळख दिली तर काय होते हे त्यांनी दुसऱ्याच्या बाबतीत पाहिलेले असते.

विज्ञान काय सांगते

एआरटीच्या गोळ्या नियमित घेतल्या की रक्तातील विषाणूंची संख्या घटत जाते. ती मोजणाऱ्या तपासणीला व्हायरल लोड म्हणतात. काही महिन्यांच्या उपचारानंतर बहुतेकांच्या रक्तात विषाणू इतके कमी उरतात की तपासणीत ते सापडतच नाहीत. अशा व्यक्तीपासून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होते का, हा प्रश्न जगभर अनेक वर्षे तपासला गेला आणि त्या तपासात आपल्या पुण्याचाही वाटा आहे.

‘एचपीटीएन ०५२’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात नऊ देशांतील १,७६३ जोडपी होती. प्रत्येक जोडप्यात एक जण पॉझिटिव्ह आणि एक जण निगेटिव्ह. भारतात हे काम पुणे आणि चेन्नई येथे झाले. २०११ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार लवकर उपचार सुरू केलेल्या गटात जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. पुढे आणखी बारकाईने पाहिल्यावर असे दिसले की उपचार चालू असतानाही ज्या थोड्या लागणी झाल्या, त्या औषध सुरू करून फार दिवस झाले नव्हते तेव्हा किंवा औषध लागू पडेनासे झाले तेव्हाच्या होत्या. युरोपातील ‘पार्टनर’ अभ्यासात जोडप्यांनी कंडोमशिवाय ठेवलेल्या सुमारे ५८ हजार संबंधांचा हिशेब मांडला गेला. २०१६ मध्ये निकाल आला. विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की विषाणू सापडत नसेल तर लैंगिक संबंधातून लागण देण्याचा धोका शून्य असतो, आणि तो सापडत असूनही हजार किंवा त्याहून कमी असेल तर धोका जवळजवळ नसल्यासारखाच असतो.

‘न सापडणारा विषाणू पसरत नाही’ हे वाक्य एआरटी केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असायला हवे. पण वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्या कितीतरी लोकांना ते कुणी समोर बसवून समजावलेले नसते. समुपदेशकांना भीती वाटते की हे सांगितले तर लोक कंडोम सोडतील. म्हणून फक्त ‘संयम पाळा, कंडोम वापरा’ एवढेच सांगून पुढचा क्रमांक पुकारला जातो.

या वाक्याच्या मर्यादाही त्याच भिंतीवर लिहायला हव्यात. गोळ्या सुरू केल्याच्या पहिल्या दिवसापासून हे लागू होत नाही. किमान सहा महिने नियमित उपचार आणि व्हायरल लोडची तपासणी, तोवर कंडोम हवाच. गोळ्यांत खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो. सिफिलिस, गनोरिया यांसारखे गुप्तरोग आणि नको असलेली गर्भधारणा एआरटीने टळत नाही, त्यासाठी कंडोम लागतोच. आणि ही ग्वाही लैंगिक संबंधापुरती आहे. सुया एकमेकांच्या वापरणे किंवा अंगावर पाजणे यांना ती जशीच्या तशी लागू नाही. एवढे सगळे सांगायला पंधरा मिनिटे लागतात. तेवढा वेळ प्रत्येक रुग्णाला मिळायला हवा.

जोखमीचे वर्तन कुणाचे?

सरकारी अहवालांत ‘जोखमीचे वर्तन’ हा शब्द सारखा येतो. तो वाचला की डोळ्यांसमोर एक बेफिकीर, व्यसनी, बाहेरख्याली माणूस उभा राहतो. अशी माणसे असतात, नाकारायचे कारण नाही. दारूच्या नशेत कंडोम राहतो, गोळीही राहते. पण पॉझिटिव्ह लोकांच्या आयुष्यात जोखीम बहुतेक वेळा कशी येते हे पाहिले, तर चित्र वेगळे दिसते.

एक नवरा. त्याला कळून दोन वर्षे झाली आहेत, पण बायकोला सांगितलेले नाही. घरात अचानक कंडोम आणला तर ती विचारणार, ‘हे आता कशाला?’ त्या एका प्रश्नाला घाबरून तो कंडोम आणत नाही. गोळ्या कारखान्यातल्या लॉकरमध्ये लपवतो, सुट्टीच्या दिवशी त्या घेता येत नाहीत, आणि व्हायरल लोड वाढत जातो. याला बेफिकिरी म्हणायचे की भीती?

एक बायको. ती गरोदर असताना सरकारी दवाखान्यात रक्त तपासले आणि घरात सर्वांत आधी तिचा रिपोर्ट आला. नवऱ्याने अजून तपासलेच नाही. सासरचे म्हणतात, ‘हिनेच आणले.’ आता तिने कंडोमचा आग्रह धरला तर तो गुन्ह्याची कबुली ठरतो.

एक जोडपे, दोघेही पॉझिटिव्ह. ‘आता काय व्हायचे राहिले आहे?’ म्हणून त्यांनी सगळी काळजी सोडली. गुप्तरोग होऊ शकतात, औषधाला न जुमानणारा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, नको असताना गर्भ राहू शकतो, हे त्यांना कुणी सांगितलेले नाही.

एक तरुण, ज्याला पुरुषांचे आकर्षण आहे. घरच्यांना कुणकुण लागली, तर ‘लग्न लावून दिले की सुधारेल’ म्हणून त्याचा निकाह उरकला जातो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, पण घरातले न्यायालय अजून बदललेले नाही. या लग्नाची किंमत दोघे चुकवतात, आणि त्यातली मुलगी तर काहीच माहीत नसताना चुकवते.

या चौघांच्याही बाबतीत जोखीम त्यांच्या परिस्थितीने निर्माण केली आहे. ती उपदेशाने जाणार नाही. सांगितल्यावर घर तुटणार नाही याची थोडीफार खात्री मिळाली, तरच हे लोक सांगतील.

बायकांच्या बाबतीत तर ही गोष्ट आपल्याला फार आधी कळायला हवी होती. १९९७ साली पुण्यातील संशोधकांनी गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. दवाखान्यात आलेल्या स्त्रियांचे हे प्रमाण सगळ्या समाजाला लावता येणार नाही. पण त्यांच्या धोक्याचे मुख्य कारण काय निघाले? गुप्तरोग असलेला जोडीदार, आणि बहुतेकींच्या बाबतीत तो त्यांचा नवराच होता. ‘चारित्र्य सांभाळा म्हणजे एड्स होणार नाही’ असे त्या काळात भिंतीभिंतींवर सांगितले जात होते. या बायकांनी ते सांभाळलेच होते.

आणि जोखमीचे वर्तन सरकारचेही असते. २०२२ मध्ये देशाच्या अनेक भागांत एआरटीच्या काही औषधांचा तुटवडा पडला, तेव्हा पॉझिटिव्ह कार्यकर्त्यांना दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात अनेक दिवस धरणे धरावे लागले. महिन्याभराच्या गोळ्यांऐवजी चार-पाच दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवल्या, की रोजंदारीवर जाणारा माणूस किती वेळा रजा काढून येणार? खंड पडला की त्याचा विषाणू वाढतो आणि घरी जोडीदार धोक्यात येतो. त्या धोक्याचा हिशेब कुणाच्या नावावर लिहायचा?

सुंतेचा खोटा दिलासा

मुस्लिम समाजात या विषयावर बोलताना एक गोष्ट हमखास कानावर येते, ‘आपल्यात सुंता होते, आपल्याला हा आजार होत नाही.’ यात अर्धे सत्य आहे आणि अर्धे सत्य धोकादायक असते.

दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा येथील तीन मोठ्या चाचण्यांत सुंता केलेल्या पुरुषांना स्त्रीकडून होणारी लागण सुमारे ५० ते ६० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या पुरुषांवरचा, २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही त्याच दिशेने बोट दाखवतो. पण धोका कमी होणे म्हणजे धोका नाहीसा होणे नव्हे. शंभर टक्क्यांतून साठ वजा केले तर चाळीस उरतात.

यापुढची गोष्ट तर फारशी सांगितलीच जात नाही. युगांडातील राकाई येथे आधीच एचआयव्ही असलेल्या पुरुषांची सुंता करून पाहिले, की त्यामुळे त्यांच्या बायकांचे रक्षण होते का. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर होते, नाही. म्हणजे सुंतेमुळे पुरुषाला काही प्रमाणात संरक्षण मिळते, पण तो एकदा बाधित झाला की त्याच्या पत्नीला सुंतेचा काहीही आधार नाही. तिचे रक्षण त्याच्या गोळ्या आणि कंडोम करतात. सुंतेच्या भरवशावर तपासणी टाळणारा नवरा स्वतःपेक्षा बायकोच्या जिवाशी जास्त खेळत असतो.

लैंगिक आरोग्य म्हणजे फक्त कंडोम नव्हे

पॉझिटिव्ह व्यक्तीच्या लैंगिक आरोग्याची चर्चा आपल्याकडे ‘दुसऱ्याला लागण होऊ नये’ इथे सुरू होते आणि तिथेच संपते. त्या व्यक्तीचे स्वतःचे आरोग्य मध्येच कुठेतरी हरवते.

एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो. या कर्करोगाची पूर्वावस्था साध्या तपासणीत दिसते आणि वेळेवर उपचार केले तर तो टाळता येतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना अशा स्त्रियांची तपासणी वयाच्या २५ व्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी करायला सांगते. गोळ्यांसाठी ठरलेल्या दिवशी केंद्रावर येणाऱ्या किती बायकांना हे माहीत आहे? गोळ्यांची खिडकी एका इमारतीत आणि स्त्रीरोग विभाग दुसऱ्या, तिथे पुन्हा केसपेपर, पुन्हा रांग, आणि ‘पॉझिटिव्ह’ म्हटल्यावर परिचारिकेच्या चेहऱ्यावर उमटणारे भाव. बाई घरी निघून जाते.

मुलाच्या इच्छेचेही तेच. आईवर काहीच उपचार झाले नाहीत तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईचा उपचार नीट चालू असेल आणि बाळाला जन्मानंतर औषध दिले, तर ती पाच टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे पॉझिटिव्ह जोडप्याला निरोगी मूल होऊ शकते आणि असंख्य जोडप्यांना झाले आहे. पण त्यासाठी आधी डॉक्टरांशी बोलावे लागते. ‘तुम्हाला कशाला हवे मूल?’ असे ज्याला एकदा ऐकवले जाते, तो पुढच्या वेळी न सांगता प्रयत्न करतो, व्हायरल लोड न तपासता. इथेही जोखीम जन्माला घातली ती त्या प्रश्नाने.

पुरुषांनाही अडचणी असतात. निदानानंतर येणारे नैराश्य, इच्छा मरणे, आपल्या स्पर्शाने समोरच्याचे वाटोळे होईल ही भीती. या गोष्टी कुणी विचारत नाही आणि पुरुष सांगत नाहीत. मग काही जण दारूकडे वळतात, काही भोंदू वैद्यांकडे. ‘एड्स मुळापासून बरा’ अशी हमी देणारा भेटला की आधी एआरटी सुटते आणि नंतर पैसे संपतात.

कायदा आणि निकाह

‘ज्याला एचआयव्ही आहे त्याने लग्नच करू नये’ हे मत कधी काळी न्यायालयातूनही उमटले होते. एका रुग्णालयाने एका व्यक्तीचा रिपोर्ट बाहेर फोडला, त्याचे ठरलेले लग्न मोडले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९८ च्या निकालात अशा व्यक्तीचा विवाहाचा अधिकार जणू स्थगित असल्याची भाषा आली. २००२ मध्ये मोठ्या खंडपीठाने त्या टिप्पण्यांची गरज नव्हती असे स्पष्ट केले. आज पॉझिटिव्ह व्यक्तीच्या लग्नाला कायद्याची आडकाठी नाही. महाराष्ट्रात पॉझिटिव्ह वधू-वरांचे मेळावे भरतात, लग्ने जमतात, संसार होतात.

पण हक्कासोबत जबाबदारीही येते. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याचे कलम ८ सांगते की एखाद्याचा एचआयव्ही अहवाल त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. कलम ९ नुसार जोडीदाराला खरा धोका असेल आणि समजावूनही ती व्यक्ती सांगत नसेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक ठरवून दिलेल्या पद्धतीने जोडीदाराला सांगू शकतात. कलम १० पॉझिटिव्ह व्यक्तीवर कर्तव्य टाकते की लागण टाळण्यासाठी सर्व वाजवी काळजी घ्यावी, त्यात आधी कल्पना देणेही आले. आणि या दोन्ही कलमांत स्त्रीचा विचार आहे. सांगितल्यामुळे तिला मारहाण होईल, तिला टाकून दिले जाईल अशी रास्त भीती असेल, तर ही सक्ती तिच्यावर लादता येत नाही. घर म्हणजे प्रत्येकीसाठी सुरक्षित जागा नसते, हे कायद्याने ओळखले आहे. हा कायदा आपल्या वस्त्यांत किती जणांना माहीत आहे?

निकाहापूर्वी एचआयव्ही चाचणी सक्तीची करावी अशी मागणी अधूनमधून होते. २००६ मध्ये गोव्यात असा प्रस्ताव पुढे आला होता. मलेशियात २००९ पासून देशभरातील मुस्लिम वधू-वरांसाठी ती बंधनकारक आहे. मागणीमागची काळजी खरी आहे, कारण फसवून लावलेल्या लग्नात बळी मुलीचाच जातो. पण सक्तीने ते थांबेल का? लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. लग्नानंतर झालेली लागण लग्नाआधीच्या कागदावर दिसत नाही. आणि जिथे जन्मतारखेचे दाखले ‘करून’ मिळतात, तिथे हा दाखलाही मिळेल. मुलगी पॉझिटिव्ह निघाली तर बातमी संध्याकाळपर्यंत जमातभर होईल, मुलगा निघाला तर रिपोर्ट ‘चुकीचा’ ठरेल. म्हणून सक्ती नको, रिवाज हवा. दोन्ही घरांनी, दोघांचीही, दोघांच्या संमतीने, गुप्तता राखून तपासणी करावी, आणि निकाल काहीही आला तरी पुढचा निर्णय त्या दोघांनी पूर्ण माहितीनिशी घ्यावा. निकाहला दोन्ही बाजूंची रजामंदी लागते. इतकी मोठी गोष्ट लपवून घेतलेल्या रजामंदीला अर्थ काय उरतो?

१९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवऱ्याला तीव्र स्वरूपाचा गुप्तरोग असेल तर पत्नीला विवाह मोडून मागण्याचा हक्क आहे. त्याच कलमात पूर्वी कुष्ठरोगही होता. तो आता बरा होतो म्हणून २०१९ मध्ये वगळला गेला. विज्ञान पुढे गेले की कायद्याने मागोमाग जावे, याचे हे चांगले उदाहरण आहे. ज्या नवऱ्याने लपवले, उपचार नाकारले, बायकोला धोक्यात घातले, त्याच्यापासून सुटण्याचा तिचा हक्क अबाधित राहिलाच पाहिजे. पण प्रामाणिकपणे सांगणारा, उपचार घेणारा, विषाणू दबलेला माणूस आणि तो नवरा यांत फरक करायला आपण शिकलो पाहिजे. हाच न्याय पॉझिटिव्ह बायकोलाही. तिचा रिपोर्ट हातात येताच तिला माहेरी पाठवणारा नवरा बहुतेकदा स्वतःची तपासणी करायला तयार नसतो.

लोक बेफिकीर होतील का?

या सगळ्यावर एक आक्षेप ठरलेला आहे. इतके मोकळे बोललात तर लोकांना रानच मोकळे मिळेल, शिक्षेची भीती आहे म्हणून तरी माणूस जपून वागतो. काही धर्मोपदेशक त्याच सुरात हा आजार म्हणजे पापाची सजा असल्याचे सांगतात.

सजा असेल तर मग ती नवऱ्याकडून लागण झालेल्या बाईला कशाबद्दल? जन्मतः पॉझिटिव्ह असलेल्या बाळाला कशाबद्दल? एके काळी रक्त चढवल्याने बाधित झालेल्या थॅलेसेमियाच्या मुलाला कशाबद्दल? आणि समजा एखाद्याचा पाय खरेच घसरला असेल, तर त्याच्या उपचारात अडथळा आणण्याचा अधिकार कुणाला मिळतो? दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनमध्ये २००० साली ‘पॉझिटिव्ह मुस्लिम्स’ ही संघटना उभी राहिली. स्वतःचा संसर्ग जाहीरपणे सांगणारी फगमेदा मिलर आणि अभ्यासक फरीद इसॅक हे तिच्यामागे होते. लागण कशी झाली याची चौकशी न करता माणसाला आधार द्यायचा, ही त्यांची भूमिका होती. इस्लाममधील रहमतीचा आणि इन्साफचा अर्थ त्यांनी असा लावला. आपल्याकडे त्या तोडीचे काम अजून दिसत नाही.

भीतीने माणूस जपून वागत असता, तर गेल्या चार दशकांत एचआयव्ही कधीच संपला असता. भीतीने तो तपासणी टाळतो, गोळ्या लपवतो, जोडीदाराशी खोटे बोलतो. याउलट ‘गोळ्या नियमित घेतल्यास तर तुझ्यापासून तुझ्या बायकोला धोका राहणार नाही’ हे वाक्य ज्याने ऐकले, त्याला गोळी घेण्याचे याहून मोठे कारण सापडणार नाही.

मात्र स्वतःला लागण आहे हे माहीत असून उपचार न घेणारा, जोडीदाराला न सांगणारा आणि कंडोमही न वापरणारा पुरुष दुसऱ्याच्या शरीरावर अन्याय करतो. समाज वाईट वागतो ही सबब त्याला पुरत नाही. सहानुभूती पॉझिटिव्ह माणसाला आहे, फसवणुकीला नाही.

काय करायला हवे

पहिले, प्रत्येक एआरटी केंद्रात न सापडणाऱ्या विषाणूविषयीची माहिती, तिच्या अटींसह, मराठी, उर्दू आणि हिंदीत लावली जावी आणि समुपदेशकाने ती प्रत्येकाला समजावून सांगावी.

दुसरे, गोळ्यांच्या दिवशीच, त्याच इमारतीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी, गुप्तरोगांची तपासणी आणि गर्भनिरोधनाचा सल्ला मिळावा. सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिक आणि एआरटी केंद्र यांनी एकमेकांकडे रुग्ण नुसते धाडू नयेत, सोबत न्यावेत.

तिसरे, व्हायरल लोडची तपासणी वेळेवर व्हावी आणि त्याचा आकडा रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितला जावा. तो त्याचा हक्क आहे.

चौथे, गरोदर बाईसोबत नवऱ्याचीही तपासणी व्हावी, म्हणजे ‘हिने आणले’ हे म्हणणे बंद होईल.

पाचवे, मशिदींच्या व्यवस्थापन समित्यांनी आणि जमातींनी वर्षातून एकदा तरी डॉक्टर आणि पॉझिटिव्ह कार्यकर्ता यांना बोलावून बोलू द्यावे. रमजानमध्ये अनेक जण रोज्यामुळे गोळ्यांत खंड पाडतात. सध्याचा उपचार बहुतेकांसाठी दिवसातून एका गोळीचा आहे, ती इफ्तारनंतर किंवा सहरीला घेता येते. वेळ बदलण्याआधी केंद्रातील डॉक्टरांना विचारावे, सोबत लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच. हे दोन मिनिटांचे मार्गदर्शन खुतब्यानंतर मिळाले, तर कित्येकांचा एक महिन्याचा खंड वाचेल.

सहावे, राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा १०९७ हा मोफत क्रमांक प्रत्येकाला ठाऊक असावा. ज्याला समोरासमोर विचारता येत नाही, तो फोनवर विचारू शकतो. धोक्याचा संबंध किंवा कंडोम फाटण्याचा प्रकार घडलाच, तर ७२ तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके चांगले, प्रतिबंधक औषध सुरू करता येते, हेही लोकांपर्यंत पोहोचायला हवे.

यातली एकही गोष्ट फार खर्चाची नाही. औषधे आहेत, कायदा आहे, विज्ञानाचा निर्वाळा आहे. अडते ते आपल्या तोंडाशी. नवरा-बायकोच्या संबंधांविषयी बोलायला आपण लाजतो, आणि त्या लाजेची किंमत मोहल्ल्यातली एखादी बाई रिपोर्ट हातात घेऊन एकटीच चुकवते. पुढच्या वेळी लग्नाची बोलणी चालली असताना कुणी म्हणाले, ‘दोघांची तपासणी करून घेऊ या,’ तर तिथे रागावू नका. सगळ्यांसमोर ‘हो’ म्हणा.